ज्याची लाइन त्याला

नवरा कामाला निघाला आणि मागाहून मला काही सांगायचं आठवलं की मी त्याच्या मोबाइलवर फोन लावायचे, आणि घंटी आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर वाजायची. फरशीतून ती स्पष्ट ऐकू यायची. मग खुर्ची सरकायची आणि माझ्या कानात आमच्या घरमालकीणबाईंचा आवाज यायचा, जन्मात कधी भेट झाली नसल्यासारखा.

"पार्टी रस्त्यावर आहे. काय निरोप?"

"मावशी, मीच बोलतेय. वरून."

"हो, चालताय ते ऐकू येतंय. निरोप काय?"

निरोप बहुतेकदा येताना कोथिंबीर आणण्याचा असायचा. मी काही नाही म्हणून फोन ठेवून द्यायचे. स्वतःच्या नवऱ्याला कोथिंबीर आणायला सांगायची तर मध्ये एक बाई लागते, हे मला सहन व्हायचं नाही. संध्याकाळी तो कोथिंबिरीशिवाय यायचा, आणि भाजी तशीच व्हायची.

मावशी गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं ठरवून बसले की चांगलं काही आठवण्याआधी ही घंटी आठवते. पुष्कळ वर्षं मी त्याला राग म्हणत होते. तो राग नव्हता, हेवा होता.

आम्ही दोघं नागपूरचे. हिंजवडीला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या त्या काळात नवऱ्याला तिथे नोकरी लागली, आणि मला कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात. जागा शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. आडनाव सांगितलं की जागा कालच दिली गेलेली असायची. मावशींनी आडनाव विचारलंच नाही. त्या फाटकाशी उभ्या होत्या, उंच, सडपातळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं. त्यांनी आधी नवऱ्याची मोटारसायकल पाहिली, मग त्याच्या शर्टाच्या खिशातला फोन.

"गाडीवर असताना हा वाजला तर काय करता?"

"उचलतो."

"का?"

"ऑफिसचा असतो."

"ऑफिस जागेवर बसलेलं असतं. तुम्ही नसता," असं म्हणून त्यांनी आम्हाला वरच्या खोल्या दाखवल्या. जागा मिळाली, पण गाडीवर फोन उचलायची सवय सुटली पाहिजे असं त्यांनी बजावून ठेवलं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सारी नोकरी झाली होती. ट्रंक कॉल जोडता जोडता त्या सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. फोनवरच्या माणसाला 'पार्टी' म्हणायची सवय तिथलीच. लग्न केलं नव्हतं. कर्वेनगरातला हा बंगला स्वतः बांधलेला. समोरासमोर बोलताना त्यांचा आवाज घोगरा आणि तुटक असायचा, पण रिसीव्हर कानाला लावला की तोच आवाज स्वच्छ, सपाट आणि तरुण व्हायचा. एवढा चांगला आवाज त्यांनी फोनसाठीच का राखून ठेवला आहे, असं मला वाटायचं. नवऱ्याला त्या आठवड्याभरात अरे-तुरे करू लागल्या. मी मात्र शेवटपर्यंत 'तुम्ही'च राहिले.

मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यात फोन चिमटून गाडी चालवणाऱ्यांना त्या 'मानमोडे' म्हणत. सिग्नलला असा कोणी दिसला की त्या फुटपाथवरून खाली उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहत आणि अतिशय सभ्यपणे म्हणत, "तुमचं होऊ द्या. मी थांबते." तो गोंधळून फोन ठेवायचा. रिक्षावाल्याने फोन उचलला तर त्या रिक्षा थांबवायला लावत, उतरत, आणि पुढे पायी जात. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. नळस्टॉपपासून घरापर्यंत आम्ही भर उन्हात चालत आलो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही बसायचं होतं. मी कुठे अडवलं होतं?"

मी पुस्तकांत वाढलेली. अशा माणसाच्या पोटात काहीतरी दडलेलं असतं अशी माझी खात्री होती. कुणीतरी जवळचं रस्त्यावर गेलं असणार, शेवटचा फोन यांनीच लावलेला असणार, असं मी मनातल्या मनात रचूनही ठेवलं होतं. त्यांची एक भाची कसबा पेठेतून दर आठवड्याला यायची. तिला मी हळूच विचारलं. ती हसत सुटली. त्यांच्या नात्यात असं कधीच कुणी गेलेलं नव्हतं. मग धीर करून मी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये आमच्या दोन्ही हातांत लाइन जोडायच्या दोन दोन कॉर्ड असायच्या. पण खुर्ची जागची हलत नव्हती. एवढंच आहे हे." माझी थोडी निराशाच झाली. दुःख असतं तर मला त्यांची कीव करता आली असती, आणि कीव केली की हेवा जरा कमी होतो.

हेव्याची सुरुवात साडीपासून झाली.

नवरा गाडीवर फोनवर बोलतो हे मी त्याला आमचं लग्न झाल्यापासून सांगत होते. मागे बसलेली असताना सांगत होते, रुसून सांगत होते, रडूनही झालं होतं. कर्वे रस्त्यावर एकदा बस आमच्या इतक्या जवळून गेली की माझ्या गुडघ्याला तिचा पत्रा लागला. तेव्हाही तो हसून, "अगं, सवय आहे मला," म्हणाला होता. त्याच्या कामात फोन कधी येईल याचा नेम नसायचा, आणि त्याच्या साहेबाला तर दर थोड्या वेळाने तो कुठवर पोचला ते विचारायचा नादच होता.

आम्ही राहायला आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मावशींनी त्याला अंगणात बोलावलं. कुणातरी मित्राला फोन लाव आणि बोलत बोलत बंगल्याला एक फेरी मार, म्हणाल्या. त्याला गंमत वाटली. त्याने मित्राला फोन लावला, क्रिकेटवर बोलत फेरी मारली आणि परत येऊन उभा राहिला.

"मागच्या दोरीवर काय होतं?" मावशींनी विचारलं.

"कपडे."

"कुणाचे?"

"तुमचे असतील."

त्यांनी त्याचं कोपर धरून त्याला मागे नेलं. मी जिन्यात उभी राहून बघत होते. दोरीवर माझी एकच साडी होती, गर्द निळी, त्यानेच आदल्या दिवाळीला लक्ष्मी रोडवरून आणलेली. ओली साडी त्याच्या तोंडावर आपटली होती, ती त्याने हाताने बाजूला सारली होती, आणि त्याच्या शर्टाच्या खांद्यावर पाण्याचा डाग होता.

"बायकोची साडी तोंडावर आपटली ती तुला दिसली नाही. टेम्पो काय दिसणार?"

तो हसला नाही. साडीकडे पाहत राहिला. त्या दिवसापासून गाडीवर त्याने फोन उचलला नाही. मी जे वर्षभर मागत होते ते त्यांना एका फेरीत मिळालं, आणि तेही माझीच साडी वापरून. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण आठवतं ते हे की मी साडी अर्धी ओलीच काढून वर नेली.

फोन उचलायचा नाही, पण ऑफिसला उत्तर तर हवं. त्यावरची तोड मावशींचीच. मोबाइलवर आलेला फोन दुसऱ्या नंबराकडे वळवता येतो हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. निघताना नवरा फाटकाशी फोन त्यांच्या घरच्या नंबराकडे वळवायचा, मग माझ्या मोबाइलवरून स्वतःच्या नंबरावर एक फोन लावून बघायचा. आत घंटी वाजली की त्या ओरडून सांगायच्या, "आली लाइन. निघ." तो हिंजवडीला पोचून फोन पुन्हा स्वतःकडे घेईपर्यंत त्या टीपॉयशेजारच्या वेताच्या खुर्चीतून उठत नसत. संध्याकाळी तो ऑफिसातून निघताना पुन्हा तेच. भाजी निवडणं, जपमाळ, वर्तमानपत्र, सगळं त्या खुर्चीत. पुढे शेजारच्या सोसायटीतल्या दोघातिघांनीही आपले फोन त्यांच्याकडे वळवायला सुरुवात केली. अमेरिकेहून बोलणाऱ्या कुणाला तरी एकदा त्यांनी, "पार्टी इज ऑन रोड, प्लीज बुक अगेन," असं सांगितलं, आणि तो माणूस पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मावशींची खुशाली विचारू लागला. साहेब तर निम्मी माहिती त्यांच्याकडूनच घ्यायचा. नवरा हे सगळं जेवताना रंगवून सांगायचा. मी आणखी एक पोळी हवी का ते विचारायचे.

मग बंगळुरूची गोष्ट झाली. तिथल्या एका कंपनीने त्याला विचारलं होतं, महिनाभर बोलणी चालली होती, आणि शेवटी त्यानेच नाही म्हटलं. हे सगळं संपल्यावर एके दिवशी बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, नक्की नव्हतं, उगाच तुला कशाला काळजी. मग जरा थांबून, "मावशींना ठाऊक होतं. फोन त्यांच्याकडेच यायचे ना."

मी खाली गेले. त्या मेथी निवडत होत्या. महिनाभर रोज जिन्यात भेटत होतो, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत, असं मी म्हटलं.

"फोन त्याचा होता," त्या म्हणाल्या.

"मी बायको आहे त्याची."

"असाल. पण ज्याची लाइन त्यालाच जोडायची. बाकी ऐकलेलं सगळं विसरायचं. नाहीतर आम्हाला पुण्यातल्या निम्म्या घरांत भांडणं लावता आली असती." मग मेथीची जुडी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "बसा, हात लावा." मी बसले नाही.

सासरे गेले तेव्हा माझा चुलतदीर नागपूरहून नवऱ्याला फोन लावत होता. संध्याकाळची वेळ, नवरा ऑफिसातून निघालेला. खाली घंटी वाजली ती मी ऐकली. रोजच वाजायची. मी तांदूळ निवडत होते. थोड्या वेळाने फाटक उघडल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तर मावशी बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नसे. भाजीवाला यायचा असेल असं मला वाटलं.

मोटारसायकल आली. "स्टँडला लाव. चावी काढ. आत ये," एवढं मला ऐकू आलं. पुढे काहीच ऐकू आलं नाही, आणि जिन्यावर त्याची पावलंही वाजली नाहीत. मी वाट पाहून खाली गेले. तो वेताच्या खुर्चीत होता, जिथे दुसऱ्या कुणालाही बसायला परवानगी नव्हती. डोकं टीपॉयवर, फोनच्या शेजारी टेकवलेलं. मावशींचा हात त्याच्या पाठीवर होता. माझ्यासमोर तो कधी रडला नव्हता. तिथे तो लहान मुलासारखा रडत होता, आणि मी दारात उभी होते, बोटांना तांदळाचं पीठ लागलेलं.

"त्याचे वडील गेले," मावशी मला म्हणाल्या. "तुम्ही कपडे भरा. जायचं मी बघते."

मी कपडे भरले. सासऱ्यांनी मला मुलगी मानलं होतं. त्यांच्या मरणाची बातमी आमच्या घरात येऊन खालीच थांबली होती, आणि मी वर तांदूळ निवडत होते. नागपूरला नेणाऱ्या बसमध्ये नवरा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. पण तोवर त्याचं रडून झालं होतं.

दिवसकार्यं आटोपून परतल्यावर मी मावशींना विचारलंच. आधी मला का नाही सांगितलं.

"तुम्ही त्याला लगेच फोन लावला असता. चांदणी चौकाच्या उतारावर असेल, कुठे असेल."

"लावला असता तर तो फोन तुमच्याकडेच आला असता," मी म्हटलं. "त्याच्यापर्यंत पोचलाच नसता."

  त्यांनी फोनकडे पाहिलं. "हो," म्हणाल्या. "ते खरं आहे." आणि उठून आत गेल्या. मी जिंकले होते, आणि वर जाऊन मला काहीही करवेना. कारण उतारावरचा तो मला दिसत होता, मान वाकडी करून 'बाबा गेले' ऐकणारा. ते झालं नव्हतं ते या बाईमुळे, हे मला कळत होतं. कळून हेवा जात नाही.

काही वर्षांनी आम्ही हडपसरच्या पुढे, मांजरी गावात स्वतःचा फ्लॅट घेतला. आसपास अजून ऊस उभा असायचा आणि त्यातून इमारती वर येत होत्या. जागा मोठी होती, हवा चांगली होती, पण मला सगळ्यात आवडलं ते हे की आमच्या खाली एक अनोळखी कुटुंब राहत होतं. नवरा मात्र हिंजवडीहून येताना वाट वाकडी करून कर्वेनगरला डोकावायचा. चहा पिऊन यायचा. काय बोललात विचारलं तर 'काही नाही, असंच' म्हणायचा. पुढे गाडी आली, चारचाकी. तो ती चालवताना फोन बंद करून मागच्या सीटवर टाकायचा. मला त्याच्याशी बोलायचं असलं तर मला थांबावंच लागायचं. आता मध्ये कुणी नव्हतं, तरीही.

मावशी गेल्या तो रविवार होता. सकाळी आम्ही सोलापूर रस्त्याने हडपसरकडे निघालो होतो, तो गाडी चालवत होता, मी शेजारी. माझ्या पर्समध्ये फोन वाजला. त्यांची भाची होती.

"ताई, मावशी पहाटे गेली. झोपेतच." मग म्हणाली, "तिने मला सांगून ठेवलं होतं. माझं काही झालं तर त्याला फोन करायचा नाही, तिला करायचा. म्हणून तुम्हाला करतेय."

मी हूं म्हटलं. बरं म्हटलं. फोन ठेवला.

"कोण होतं?" नवऱ्याने विचारलं. समोर एक ट्रक होता, उजवीकडून दुचाक्या घुसत होत्या.

मावशी असत्या तर तोच स्वच्छ, सपाट आवाज काढून काहीतरी सांगितलं असतं आणि गाडी घरी आणवली असती. माझ्याकडे तो आवाज नव्हता. मी म्हटलं, "ग्रंथालयातली."  माझे हात पर्सच्या बंदाशी उगाच काहीतरी करत होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"समोर बघ," मी म्हटलं. "आणि जरा बाजूला घे गाडी. मला मळमळतंय."

त्याने हळूहळू गाडी डावीकडे घेतली, एका बंद गॅरेजपुढे उभी केली. हँडब्रेक ओढला. मी हात पुढे करून चावी फिरवली, काढून घेतली. मग सांगितलं.

तो रडला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. ट्रक जवळून जायचे तेव्हा गाडी हलायची. मी हात त्याच्या पाठीवर ठेवला. ठेवताना वाटलं, आता हा माझा खांदा शोधेल, आता मध्ये कुणीच नाही.

"तुला का केला फोन?" त्याने विचारलं.

"तू गाडी चालवत होतास."

"हे तिला काय माहीत? रविवार आहे. मी घरी झोपलेलोही असू शकलो असतो."

मी खरं ते सांगितलं, भाचीने सांगितलं तसंच. त्याला नाही, तिला. त्याने ते पुन्हा म्हणायला लावलं. कधी सांगून ठेवलं होतं, त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं. अजून काही म्हणाल्या का. मला माहीत नव्हतं. परवाच तर मी गेलो होतो, तो म्हणाला, चहा घेतला, तासभर बसलो, तेव्हा मला का नाही काही बोलल्या. मी काय सांगणार होते. त्या मला सांगून गेल्या की माझ्यामार्फत त्यालाच, हे मलाही कळलेलं नव्हतं. आजही नाही.

"माझ्याकडेच यायला हवा होता तो फोन," तो म्हणाला, आणि काचेबाहेर तोंड फिरवून बसला.

त्या तोंड फिरवण्यात दुःख होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. उरलेलं काय आहे ते मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं ते मी माडीवर एकटीने सांभाळलं होतं. मी त्याला पाण्याची बाटली दिली. त्याने ती घेतली नाही. मला रडू येत होतं, आणि त्याच्या जोडीला, सांगायला संकोच वाटतो, थोडं बरंही वाटत होतं. चावी माझ्या मुठीत होती. त्याने मागितली नाही तोवर मी ती दिली नाही.